रान, वावर आणि पहिले शील

(वर्षावासातील व्याख्यानमालेत बुद्धविहारात केलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेने मला 'पंचशील आणि आपले दैनंदिन जीवन' असा विषय दिला होता. पाचही शीलांवर बोलायचे म्हटले तर वेळ पुरणार नाही, आणि त्यावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलणारी मंडळी येथे समोर बसलेली आहेत. म्हणून मी फक्त पहिल्या शीलावर, म्हणजे प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याच्या शीलावर बोलणार आहे, आणि तेही रानडुक्कर, रोही, वानर, साप यांच्या संदर्भात. हा विषय विहारात शोभत नाही असे काहींना वाटेल. परंतु गेल्या रब्बीत आपल्या वस्तीतील किती घरांत कर्ता पुरुष रात्री घरी झोपला, याचा हिशेब एकदा काढून पाहावा. संध्याकाळी येथे वंदना घेऊन, दोन घास खाऊन, बॅटरी आणि काठी घेऊन जागलीला जाणारे उपासक आपल्यातच आहेत. संध्याकाळी शील घेतले, आणि मध्यरात्री हरभऱ्यात वीस डुकरांचा कळप शिरला. त्या माणसाने काय करावे, हे त्याने कोणाला विचारायचे?

वर्षावासात हा विषय घ्यावा यात तसे नवल काहीच नाही. वर्षावासाची प्रथा कशी पडली हे विनयपिटकात सांगितले आहे. पावसाळ्यातही भिक्खू चारिका करीत, त्यांच्या पायाखाली हिरवे अंकुर आणि बारीक जीवजंतू तुडवले जात, म्हणून लोक कुरकुर करू लागले. पावसाळ्यात पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटे बांधून एका जागी राहतात, मग यांनाच काय झाले, असे ते म्हणत. भगवंतांनी लोकांना दोष दिला नाही. त्यांनी भिक्खूंना तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. म्हणजे लोकांचे उभे पीक आणि मुका जीव या दोघांचाही विचार एका नियमात झाला. आपण वर्षावासात खीरदान करतो, प्रवचने ऐकतो. पण या नियमाच्या मुळाशी वावरातली तक्रार होती, हे सहसा सांगितले जात नाही.

आता आपल्या भागाकडे येऊ. आपल्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. बुलढाणा-खामगाव रस्त्याने बोथ्याच्या जंगलातून आपण सगळेच गेलेलो आहोत. १९९७ साली ते अभयारण्य जाहीर झाले. तेथे अस्वल आहे, बिबट आहे, तडस आहे, रोही आणि चिंकारा आहे. पण रानडुकरांचा आणि रोह्यांचा त्रास केवळ जंगलालगतच्या गावांनाच आहे असे समजू नये. डोंगरातून पूर्णेकडे उतरणारे जे नाले आहेत, त्यांच्या काठची वेडी बाभूळ हेच आता रानडुकराचे घर झाले आहे. दिवसभर तेथे गारव्याला पडून राहायचे आणि रात्री वावरात यायचे. त्याला जंगलात परत जाण्याची गरज उरलेली नाही. पूर्वी या माळरानांत लांडगा होता, तो पिल्ले उचलत असे. लांडगा आपण संपवत आणला. डुकरी एका वेळी चार-सहा पिल्ले देते. मक्याचे कणीस, भुईमुगाची आऱ्या लागलेली माती, ओला हरभरा असे पौष्टिक अन्न एका जागी रांगेत लावून दिले, तर तिने डोंगरात कंदमुळे उकरत का फिरावे? रोह्याचेही तसेच आहे. नाव नीलगाय असले तरी ती गाय नव्हे, ते कुरंगाच्या जातीचे जनावर आहे. घोड्याएवढे धूड तुरीत उभे राहिले म्हणजे एका रात्रीत शेंडे खुडून मोकळे होते, आणि कळप पळाला तर खाल्ले त्याच्या दुप्पट तुडवतो.

मी बँकेत कारकून आहे. पीककर्जाच्या नूतनीकरणाच्या दिवसांत काउंटरवर माणसे काय बोलतात ते कानावर पडते. पाऊस गेला, भाव पडला, ही वाक्ये आम्हाला पाठ आहेत, त्यांचे रकाने आहेत. 'जनावराने खाल्ले' यासाठी मात्र कित्येक वर्षे रकानाच नव्हता. माणूस ते सांगताना ओशाळतो. जणू राखण करण्यात त्याचाच आळस झाला.

मित्रहो, आता मी एक घरचीच गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठी मी दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची परवानगी घेतलेली आहे.

आमच्या वाट्याला तीन एकर आहे आणि ते दादा कसतात. सहा वर्षांपूर्वी लागोपाठ दोन हंगाम डुकरांनी हरभरा नेला. दादांनी सगळे उपाय करून पाहिले. बुजगावणे झाले, डबे वाजवले, फटाके फोडले, न्हाव्याकडून केस आणून धुऱ्यावर टाकले, वहिनींच्या जुन्या साड्या चहूबाजूंनी बांधल्या. (आपल्या शिवारातील वावरांना जेवढ्या साड्या नेसवलेल्या आहेत तेवढ्या आपल्या घरांतील पेट्यांत नसतील.) चार दिवस जनावर बुजते, पाचव्या दिवशी त्याच साडीखालून आत येते. मग एके संध्याकाळी दादांनी मोटारीच्या पेटीतून तार काढली आणि नाल्याच्या बाजूने लाकडी खुंट्यांवर गुडघ्याच्या खाली ओढून तीत वीज सोडली. मी त्या दिवशी शेतात गेलो होतो. तार मी पाहिली. ही कशाची, असे मी विचारले नाही, कारण मला कळले होते. माझा पगार एक तारखेला होतो, हरभऱ्यावर माझी चूल नाही. दादांना शहाणपण सांगण्याचा मला काय अधिकार, असे मनाशी म्हणून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. पहाटे विहारात येऊन मी सर्वांबरोबर पंचशील घेतले.

त्याच पहाटे आमचा कुत्रा त्या तारेवर मेला. तो दादांच्या मागे नेहमी शेतात जात असे, रात्री तेथेच राहिला असावा. शेजारच्या वावरात जागलीला असलेल्या बापासाठी चहा घेऊन एक मुलगा रोज त्या नाल्याच्या वाटेने येत असे, सहावीत होता तो. त्या दिवशीही आला. कुत्रा आडवा पडलेला दिसला म्हणून तो दहा पावलांवर थांबला आणि त्याने हाक मारली. दादांनी मोटारीकडे धावत जाऊन खटका पाडला. तो मुलगा आता बारावीला आहे. तो येथेच बसलेला आहे, मी त्याचे नाव घेत नाही.

दादांनी त्या दिवसानंतर तार लावली नाही. पण मी दादांविषयी बोलत नाही, माझ्याविषयी बोलतो आहे. तार दादांनी लावली होती, आणि पाहून गप्प बसलो होतो मी. शीलाचे शब्द म्हणताना माझी जीभ अडखळली नव्हती.

अशा तारेला चिकटून माणसे मेल्याच्या बातम्या विदर्भात दर हंगामात वर्तमानपत्रांत येतात. कधी रात्री पाणी द्यायला निघालेला मजूर, कधी स्वतः तार लावणारा शेतकरीच. त्यात वीजचोरीचा गुन्हा असतो, माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा असतो, आणि जनावर मेले तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वेगळा. त्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. रानडुक्कर किंवा रोही बेकायदा मारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पिठाच्या गोळ्यात स्फोटक घालून ठेवण्याचाही एक प्रकार आहे. त्याने डुकराचा जबडा फाटतो, आणि तोच गोळा चरायला सोडलेल्या गाईच्या तोंडात गेला तर गाईचाही फाटतो. असे जनावर लगेच मरत नाही. अधिक वर्णन करीत नाही.

मग प्रश्न असा येतो की, पहिल्या शीलाप्रमाणे डुकराला हातच लावायचा नाही काय? येथे आपल्याला परमपूज्य बाबासाहेबांकडे गेले पाहिजे. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रकाशित झालेल्या ग्रंथात त्यांनी अहिंसेची फार स्वच्छ चर्चा केली आहे. बुद्धाची अहिंसा हा नियम नव्हे, ते तत्त्व आहे, असे बाबासाहेब म्हणतात. नियम माणसाला जखडून टाकतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. केवळ मारण्याच्या इच्छेपोटी होणारी हत्या बुद्धाने निषिद्ध मानली. गरज कोणती हे ठरवण्याची जबाबदारी मात्र माणसाच्या विवेकावर सोपवली.

हे ऐकल्यावर आमच्यातील काही हुशार मंडळी लगेच म्हणतात, झाले तर मग, आमची गरजच आहे! मी त्यांना विचारतो, गरज केव्हा म्हणायची? जे काही करता येण्यासारखे होते ते सर्व करून झाल्यावर जी उरते ती गरज. वावराला साधे कुंपण नाही, शेजाऱ्याशी बोलणे नाही म्हणून जागलीची पाळी नाही, वनखात्याकडे अर्ज नाही, आणि पहिल्याच रात्री तार. याला गरज म्हणता येणार नाही. रात्री जीपमध्ये बसून, झोत मारून, हौसेने आणि मटणासाठी ससे-हरणे मारणारे लोक आपल्या भागात येऊन गेलेले आहेत. ती तर निव्वळ इच्छा. दुसऱ्या दिवशी गावात नाव मात्र पारध्याच्या बेड्याचे घेतले जाते. असो, तो एका वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

कायद्यानेही गरजेची वाट अगदीच बंद केलेली नाही. उभ्या पिकाला किंवा जीविताला धोका असेल तर अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने उपद्रवी जनावर मारण्याची तरतूद त्या कायद्यात आहे, आणि रोही व रानडुक्कर यांच्यासाठी राज्य शासनाने २०१५ साली परवान्याची पद्धत घालून दिली. मात्र हरणाला, मोराला किंवा अस्वलाला ही सवलत आहे असे कोणी समजू नये.

सम्राट अशोकाचे नाव आपण अभिमानाने घेतो. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात न मारण्याच्या प्राण्यांची यादीच आहे. पोपट, मैना, खार, साळिंदर अशी नावे त्यात आढळतात, आणि कारणाशिवाय रान पेटवू नये असेही त्यात बजावले आहे. आपल्या विदर्भातही, चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे, प्राणी पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा ब्राह्मी लिपीतील प्राचीन शिलालेख सापडला. पण अशोकाची एक गोष्ट मला विशेष आवडते. आपल्या मुदपाकखान्यात अजूनही दोन मोर आणि एक हरीण मारले जाते, तेही पुढे बंद होईल, असे त्याने पहिल्या शिलालेखात दगडावर कोरून सांगितले. एवढा मोठा सम्राट, पण आपले शील अजून पुरते झालेले नाही हे त्याने लपवले नाही.

आता एक जातककथा. निग्रोधमृगाची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. वाराणसीच्या राजाला हरणाचे मांस आवडे. रोज एका हरणाची पाळी ठरलेली होती. गाभण हरिणीची पाळी आली तेव्हा तिच्याऐवजी निग्रोध हा कळपाचा राजा स्वतः मान ठेवायला गेला, आणि ते पाहून राजाने सर्व हरणांना, सर्व चतुष्पादांना, पाखरांना आणि माशांना अभय दिले. प्रवचनात ही कथा येथेच थांबवतात, साधुकार होतो आणि आपण उठतो. पण मूळ कथा तेथे थांबत नाही. अभय मिळालेली हरणे निर्धास्त झाली आणि लोकांची पिके खाऊ लागली. राजाचे वचन असल्यामुळे लोकांना त्यांना काठीही मारता येईना. लोक राजवाड्यासमोर जमले. राजा म्हणाला, राज्य गेले तरी मी वचन मोडणार नाही. झाले, राजाचे शील अखंड राहिले, आणि शेतकऱ्याचे वावर रिकामे झाले!

कथा सांगणाऱ्याला हे दिसले होते. राजाने दिलेल्या अभयाचा खर्च शेतकऱ्याच्या वावरातून गेला. म्हणून कथेत पुढे निग्रोध आपल्या कळपाला गोळा करतो, दुसऱ्याचे पीक खाऊ नका असे बजावतो, आणि लोकांना निरोप पाठवतो की, तुम्ही कुंपण घालू नका, फक्त शेताच्या कडेने पानांची खूण बांधा. तेव्हापासून शेताला पाने बांधण्याची रीत पडली, असे जातकात म्हटले आहे. आपल्या रानडुकरांना पानांची खूण कळणार नाही हे उघड आहे. त्यांच्यात निग्रोध नाही. तेव्हा निग्रोधाचे काम कोणी करायचे, हा आपल्यापुढचा प्रश्न आहे.

विद्यार्थ्यांसाठी बाहेरच्या देशातले एक उदाहरण देतो. अमेरिका, कॅनडा आणि युरोपात बीव्हर नावाचा पाण्याकाठचा एक कुरतडणारा प्राणी आहे. वजनाला पंधरा ते तीस किलो, दात असे की उभे झाड कुरतडून पाडतो. ती झाडे आणि चिखल घालून तो ओढ्यावर बांध बांधतो. बांधाचे पाणी शेतात शिरते, रस्त्यावर येते, फळबाग बुडते. तेथील शेतकरीही आपल्यासारखेच वैतागतात. पूर्वी त्याला कातडीसाठी आणि उपद्रवासाठी इतके मारले की, ब्रिटनमध्ये तो चारेकशे वर्षांपूर्वी नामशेष झाला. २००९ साली स्कॉटलंडमध्ये नॅपडेल येथे बाहेरून आणून सोडावा लागला, कारण त्याच्या बांधामुळे पाणी मुरते हे मागाहून उमगले. आता अनेक ठिकाणी काय करतात? बांधातून एक नळ आरपार घालतात आणि पाण्यातल्या तोंडाला जाळीचा पिंजरा बसवतात. पाणी वाहते आहे हे बीव्हरला कळत नाही, तो नळ बुजवत नाही, आणि पाणी ठरावीक पातळीच्या वर चढत नाही. झाडांच्या बुंध्याला जाळी गुंडाळतात. मारून उपयोग होत नाही असा त्यांचा अनुभव आहे, कारण जागा चांगली असली की एक गेला तर दुसरा येतो.

आपल्या नाल्यातही तेच आहे. एक कळप मारला तर हरभरा आणि बाभूळ शिल्लक असेपर्यंत दुसरा येणारच. आपल्याकडे त्या नळाच्या जागी आहे ते झटका मशीन. त्यात आणि चोरीच्या तारेत काय फरक, हे समजून घ्या. मोटारीच्या तारेत २३० व्होल्टचा प्रवाह सतत वाहतो, स्नायू आखडतात आणि चिकटलेला जीव सुटत नाही. झटका मशीन बॅटरीवर, बहुधा सौर पाटीवर चालते. ते साधारण सेकंदाला एकदा, सेकंदाच्या अगदी लहान भागापुरता, जोराचा झटका सोडते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. मात्र मशीन चांगल्या प्रतीचे पाहिजे. घरगुती विजेवर कोणीतरी जुळवून दिलेला जुगाड म्हणजे पुन्हा तीच मरणाची तार.

दादांनी हे मशीन पुढच्या वर्षी घेतले. त्याच्या खोड्याही सांगून ठेवतो. डुक्कर नाकाने उकरत खालून घुसते, म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच पाहिजे. रोह्यासाठी वरच्या तारा लागतात. गवत वाढून तारेला टेकले की झटका जमिनीत जातो, म्हणून दर आठ-दहा दिवसांनी धुरा साफ करावा लागतो. अर्थिंगची सळई कोरड्या मुरमात ठोकली तर मशीन नुसते टिकटिक करते, तेथे पाणी ओतावे लागते. आमच्याकडे पहिले पंधरा दिवस या सळईपायीच वाया गेले. आणि एकट्या वावराला कुंपण घातले की कळप शेजारच्याकडे वळतो. तो शेजारी बहुतेक आपल्यापेक्षा गरीब असतो.

घराभोवतीच्या जनावरांविषयी थोडक्यात सांगतो. वानरांना पोळी, केळी घालू नका. आज दयेने घातलेली पोळी उद्या ते स्वयंपाकघरात येऊन मागतात, आणि मग आपणच दगड उचलतो. सीताफळे, बोरे, तेंदूपाने यांच्या दिवसांत डोंगरात जाणाऱ्या आयाबहिणींनी एकटे जाऊ नये, बोलत जावे. अस्वलाला कमी दिसते, माणूस अचानक जवळ आला की ते घाबरून अंगावर येते. वाघाची तर आपल्याकडे फार चर्चा झाली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या जूनमध्ये निघालेला एक तरुण वाघ तेराशे किलोमीटरहून अधिक चालून त्या वर्षअखेर आपल्या ज्ञानगंगेत आला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून हे कळले. इतक्या शेतांतून, रस्त्यांतून तो आला, पण दिवसा झुडपात दडून राहायचा आणि रात्री चालायचा. बहुसंख्य गावांना तो गेल्याचा पत्ताही लागला नाही.

सापाविषयी मात्र थोडे थांबून बोलावे लागेल. आपण नागलोकांचे वंशज म्हणवतो, आणि घरात नाग निघाला की पहिली हाक काठीसाठी मारतो! आपल्या भागात माणसाला खरा धोका चार सापांचा आहे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकी बहुतेक साप बिनविषारी असतात. धामण तर आपल्या कणगीतले उंदीर खाते, आणि आपण तिला पहिल्यांदा मारतो कारण ती लांब दिसते. साप घरात येतो तो उंदरासाठी. तेव्हा भिंतीला टेकून रचलेल्या पऱ्हाट्या, गोवऱ्या, कुटार घरापासून दूर हलवा. मण्यार रात्री अंथरुणात येते, तिचा दंश मुंगी चावल्यासारखा, कधी जाणवतही नाही. खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यावी.

एक भिक्खू सर्पदंशाने मृत्यू पावला तेव्हा भगवंतांनी सापांच्या चार कुळांविषयी मैत्रीभावना करण्यास सांगितले, असे त्रिपिटकात आहे. ते परित्त आपण म्हणतो. ते जरूर म्हणावे, त्याने आपल्या मनातला द्वेष जातो. परंतु ते विष उतरवण्याचा मंत्र आहे असे कोणी समजेल तर तो बाबासाहेबांचा अनुयायी नव्हे. साप चावला की घट्ट दोरी आवळायची नाही, ब्लेड मारायचे नाही, भगताकडे जायचे नाही. चावलेला हात-पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा. सर्पविषावर प्रतिविषाची लस हाच उपाय आहे.

आता खर्चाचा विषय. त्यासाठीच मी एवढा वेळ घेतला.

पिकाचे नुकसान झाल्यास वनखाते भरपाई देते. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्यावा लागतो, मग पंचनामा होतो. सातबारा, आठ-अ, बँकेचे पासबुक आणि नुकसानीचे फोटो लागतात. आपल्यातील बरेच लोक चौथ्या-पाचव्या दिवशी जातात आणि परत येतात. पीकविम्यातही आता बदल आहे. वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान २०२६ च्या खरिपापासून विम्यात धरण्याचा निर्णय केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यात ७२ तासांत मोबाईलवरून सूचना द्यायची आहे. ज्याला रकाना नव्हता त्याला रकाना मिळतो आहे, म्हणून मला कारकून या नात्याने आनंद आहे.

पण या दोन्ही दरवाजांवर पहिला प्रश्न एकच असतो: सातबारा कोणाच्या नावावर? १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो माणसे तुरुंगात गेली, ती याच सातबाऱ्यासाठी. आजही आपल्या वस्तीतील काही कुटुंबे ई-क्लासची जमीन कसतात, काही बटाईने करतात. त्यांची वावरे सहसा शिवाराच्या टोकाला, नाल्याला आणि डोंगराला लागून असतात. जनावर पहिल्यांदा त्यांच्याकडे येते. मोठ्या शेतकऱ्याने झटका मशीन बसवले की राहिलेला कळपही त्यांच्याकडेच येतो. भरपाईच्या यादीत त्यांचे नाव नसते. विम्यातही ज्याच्याकडे बटाईचा कागद नाही त्याचे नसते. आपण सगळे मिळून पहिले शील घेतो आणि त्याचा खर्च हे दहा-पंधरा लोक देतात. उद्या त्यांच्यातील एखाद्याने तार लावली तर आपण कोणत्या तोंडाने त्याला शील सांगणार?

म्हणून संस्थेपुढे मी काही गोष्टी ठेवतो. नाल्याकाठची लहान वावरे, सातबारा असो की नसो, एकाच कुंपणात घ्यावीत. एका चांगल्या मशीनवर बरीच लांब तार चालते, तेव्हा प्रत्येकाने वेगळे घेण्याचे कारण नाही. जयंतीच्या वर्गणीतील शिल्लक काही वर्षे मिरवणुकीच्या बँडवर जाते; त्यातील निम्मी रक्कम यासाठी काढावी. बँडवाल्या मंडळींचा राग मी सोसीन. ज्यांची कुंपणात सोय होणार नाही त्यांच्या जागलीच्या पाळीत पगारदार घरांतील माणसांनीही उतरावे. दर शनिवारची रात्र मी आणि माझा मुलगा घेणार आहोत, हे दादांना सांगून झाले आहे. बटाई करणाऱ्यांचा कागद कसा करावा हे मी दाखवीन. कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी वनखात्याच्या अर्जांचे काम अंगावर घ्यावे. ज्या दिवशी नुकसान दिसेल त्याच दिवशी फोटो काढायचा आणि अर्ज भरायचा, तीन दिवस मोजत बसायचे नाही.

अर्जाचे पन्नास नमुने मी सोबत आणले आहेत. ते मागे ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवले आहेत. ई-क्लासवाल्या कुटुंबांची यादी करण्यासाठी एक वहीही तेथे ठेवली आहे. पहिल्या पानावर सहा नावे मी लिहिली आहेत, राहिलेली ज्यांना माहीत असतील त्यांनी घरी जाण्यापूर्वी लिहावीत. हरभऱ्याच्या पेरणीला अजून दीड-दोन महिने आहेत.

नमो बुद्धाय. जयभीम.